जिवाणू खतं अन् भाजीपाला: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मृग लागायच्या आधीचे पंधरा दिवस अन् दिवाळीनंतर रोपं लावायचा टाइम, वर्षातून दोनदा माझा फोन गरम होतो. प्रश्न फिरून फिरून तेच. मी काही शास्त्रज्ञ नाही, वर्धा जिल्ह्यातला भाजीपालावाला कास्तकार आहे, वांगे, मिरची, टमाटर, भेंडी अन् हंगामात सांभार (कोथिंबीर), पत्ताकोबी. आठ-नऊ वर्षांपासून जिवाणू वापरतो, त्यात पैसे पाण्यात पण घातले अन् फायदा पण पाहिला. वारंवार येणारे प्रश्न इथं एका जागी लिहून ठेवले आहेत, जिथं एकाचं उत्तर दुसऱ्यात येते तिथं नंबर दिला आहे.

१. भाऊ, जिवाणू खत म्हणजे नेमकं काय, खत आहे की औषध?

दोन्ही नाही. पुड्यात किंवा बाटलीत जिवंत जिवाणू असतात, बस. पुड्यातली काळी भुकटी म्हणजे बहुतेक वेळा लिग्नाइट (एक प्रकारचा कोळसा), ती फक्त त्यांची राहायची जागा, तिच्यात स्वतःची ताकद काही नाही. एक ग्रॅम चांगल्या मातीत तसेही कोट्यवधी जिवाणू राहतात, अन् त्यांची सगळ्यात जास्त गर्दी मुळाच्या अंगाला असते, कारण मूळ साखर अन् आम्लं बाहेर सोडते, ते त्यांचं जेवण. लोरेंझ हिल्टनर नावाच्या जर्मन शास्त्रज्ञानं १९०४ मधे मुळाभोवतीच्या या पट्ट्याला रायझोस्फिअर नाव दिलं. आपण काय करतो, तर त्या गर्दीत आपल्या कामाची मंडळी आधीच नेऊन बसवतो. एवढंच आहे हे. युरियासारखं टाकलं अन् चौथ्या दिवशी हिरवं झालं असं होत नाही, गाय विकत आणली म्हणून दुसऱ्या दिवशी दुधाचा कॅन भरत नाही तसं.

२. दुकानात सात-आठ नावं सांगतात, माझ्या वांग्या-मिरचीला कोणतं घेऊ?

कामाप्रमाणे लक्षात ठेवा, नावाप्रमाणे गोंधळ होते.

हवेतलं नत्र ओढणारे: ॲझोटोबॅक्टर अन् ॲझोस्पिरिलम. हवेत ७८ टक्के नत्रच आहे, पण झाडाले ते थेट घेता येत नाही, हे जिवाणू ते पकडून देतात. वांगे, टमाटर, मिरची, भेंडी, कोबी, कांदा या सगळ्यांना चालतात. रायझोबियम पण नत्राचाच, पण तो फक्त शेंगवाल्या पिकाच्या मुळावर गाठी करून काम करतो, म्हणून टमाटराले त्याचा नत्रासाठी उपयोग नाही (शेंगवाल्या भाज्यांचं १६ मधे). हा रायझोबियम पहिल्यांदा वेगळा काढला डच शास्त्रज्ञ बायेरिंकनं १८८८ मधे, अन् ॲझोटोबॅक्टर पण त्यानंच १९०१ मधे शोधला, म्हणजे हे काही कालचं फॅड नाही.

स्फुरद मोकळं करणारे म्हणजे पीएसबी, आपल्या काळ्या मातीत मला सगळ्यात जास्त वसूल झालेला हाच, त्याचं ५ मधे. पालाशवाले केएमबी. अन् रोगाशी भांडणारे म्हणजे सुडोमोनास फ्लुरोसन्स अन् बॅसिलस सबटिलिस.

पहिल्यांदाच वापरत असाल तर ॲझोटोबॅक्टर अन् पीएसबी एवढेच घ्या. रोपं मरायचा त्रास असलेल्या वावरात सुडोमोनास जोडा. केएमबीच्या मागे लगेच लागू नका, आपल्या काळ्या मातीत पालाश तसा बऱ्यापैकी असतो, आधी माती परीक्षणाचा कागद पाहा.

३. ट्रायकोडर्मा पण जिवाणूच ना? अन् बीटी कपाशीतलं बीटी?

ट्रायकोडर्मा बुरशी आहे, चांगली बुरशी, वाईट बुरशीला खाणारी. म्हणून त्यावर बुरशीनाशक पडलं की तो मरतो, जिवाणूंचं गणित थोडं वेगळं आहे (१३ पाहा). एकाच टाकीत सुडोमोनास अन् ट्रायकोडर्मा कालवून ठेवू नका, दोघं एकमेकाले दाबतात, आठेक दिवसाचं अंतर ठेवून द्या.

बीटी मात्र खरंच जिवाणू, बॅसिलस थुरिंजिएन्सिस, तो पण मातीतच राहतो. त्याचा जीन कपाशीत घातला अन् २००२ मधे आपल्याकडे त्याला परवानगी मिळाली, तो विषय अळीचा. भाजीपाल्यावर अळीसाठी बीटीची फवारणी करतात ती पानावर, मुळाशी त्याचा संबंध नाही.

४. हे टाकलं की युरिया पूर्ण बंद करता येते का?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, अन् याचं खरं उत्तर विकणारा देत नाही. हिशोब मांडू. ॲझोटोबॅक्टर चांगल्या मातीत हेक्टरी १५ ते २० किलो नत्र जमा करते असं पुस्तिकांमधे देतात, म्हणजे एकरी सहा ते आठ किलो. युरियाची गोणी ४५ किलोची, त्यात ४६ टक्के नत्र म्हणजे पावणेएकवीस किलोच्या जवळपास. म्हणजे सगळं जुळून आलं तर एकरी गोणीचा तिसरा हिस्सा वाचला. वांग्याले हेक्टरी दीडशे किलोच्या आसपास नत्राची शिफारस आहे, त्यात हे वीस. मग बंद कसा करता बापा?

म्हणून मी पंचवीस टक्के युरिया कमी करतो, तेही पहिल्या वर्षी नाही, शेणखत नीट पडलेल्या वावरातच. अन् उलटी बाजू पण आहे. मातीत युरिया भरमसाट असला की हे जिवाणू नत्र पकडायचं कामच थांबवतात, नत्र पकडायला त्यांची लय शक्ती खर्च होते, आयतं मिळाल्यावर कोण राबते. म्हणून जिवाणू टाकले अन् त्याच आठवड्यात युरियाचा पूर्ण डोस फेकला तर दोन्हीपैकी एक खर्च वाया. युरिया तीन-चार हप्त्यांत तोडून द्या.

५. डीएपी दरवर्षी टाकतो, तरी माती परीक्षणात स्फुरद कमीच येते, पीएसबीनं फरक पडेल का?

पडेल, अन् का पडेल ते समजून घ्या. आपल्या काळ्या मातीत चुनखडी, पीएच साडेसात ते साडेआठ. डीएपी किंवा सुपर फॉस्फेटमधलं स्फुरद मातीत पडलं की चुन्यातलं कॅल्शियम त्याले धरून बसते अन् काही दिवसात ते घट्ट होते, झाडाच्या तोंडी लागत नाही. म्हणजे वर्षानुवर्षं टाकलेलं स्फुरद वावरातच आहे, पण तिजोरीत कुलूपबंद. पीएसबीमधले बॅसिलस अन् सुडोमोनास जातीचे जिवाणू मुळाजवळ ग्लुकोनिक, सायट्रिक असली आम्लं सोडतात, त्यानं तेवढ्या जागेचा पीएच उतरते अन् थोडं थोडं स्फुरद सुटते.

थोडं थोडं हा शब्द महत्त्वाचा. अन् पीएसबी नवीन स्फुरद तयार करत नाही, असलेलंच सोडवते. जिथं मातीत मुळातच काही नाही अशा मुरमाड बरड वावरात तो कुठून आणून देणार? आमच्या नाल्याकाठच्या भारी मातीत फरक डोळ्याला दिसला, टेकडीकडच्या बरडात नाही दिसला.

६. बियाण्याला चोळायची पद्धत सांगा, भेंडीचं बी दोन किलो आहे.

पुड्यावर लिहिलेलं असते १० किलो बियाण्याला २५० ग्रॅम, म्हणजे किलोला २५ ग्रॅम. दोन किलोला ५० ग्रॅम पीएसबी अन् ५० ग्रॅम ॲझोटोबॅक्टर. पावशेर पाण्याच्या थोडं आत, २०० मिलीत २५ ग्रॅम गूळ विरघळवा, गरम केलं असेल तर पूर्ण थंड होऊ द्या, गरम पाकात जिवाणू कालवणारे पण भेटले आहेत मला. त्यात भुकटी कालवून पातळ राबडी करा अन् बी पोत्यावर पसरून हातानं हलकं चोळा. सगळी राबडी एकदम ओतू नका, बी ओलं झालं की थांबा, भेंडीचं बी जास्त भिजलं तर फुगते. सावलीत वाळवा, त्याच दिवशी पेरा. उन्हात वाळवलं तर केलेलं सगळं गेलं.

बुरशीनाशक, कीटकनाशक पण लावायचं असेल तर क्रम असा: आधी बुरशीनाशक, मग कीटकनाशक, ते वाळल्यावर सगळ्यात शेवटी जिवाणू, अन् अशा वेळी जिवाणूचं प्रमाण दुप्पट.

७. हायब्रीड बी आधीच गुलाबी-लाल रंगाचं येते, त्याले पण लावू का?

नका लावू. तो रंग म्हणजे कंपनीनं बुरशीनाशक चोळल्याची खूण, अन् टमाटर-मिरचीचं दहा ग्रॅमचं पाकीट, त्यात चोळणार किती अन् टिकणार किती. धुऊन काढायचा उद्योग तर अजिबात करू नका, हातचं महागडं बी खराब होते. जिवाणू नंतर द्या, ट्रेच्या कोकोपीटमधे कालवून किंवा रोपं लावताना मुळं बुडवून.

८. मुळं बुडवायची म्हणजे कशी? किती पाणी, किती वेळ?

भाजीपाल्यात मला हीच पद्धत पटते, कमी मालात काम होते अन् जिवाणू थेट मुळावर बसतात. एकराच्या रोपांसाठी दहा ते पंधरा लिटर पाणी, त्यात अर्धा किलो ॲझोटोबॅक्टर अन् अर्धा किलो पीएसबी, शेणाचा गोळा पडला तरी चालते, त्यानं मुळाला चिकटून राहते. गादीवाफ्यावरची रोपं उपटून जुडी बांधून फक्त मुळं २० ते ३० मिनिटं त्यात ठेवा अन् लगेच लावत जा. सगळी जुडी सकाळीच बुडवून दुपारपर्यंत बांधावर ठेवायची नाही.

ट्रेची रोपं असतील तर उपटायची गरज नाही, आख्खा ट्रे उथळ टोपल्यात खालून भिजवा. नळाचं पाणी वापरत असाल तर रात्रभर उघड्या बादलीत ठेवा, ग्रामपंचायतीनं क्लोरीन टाकलेलं असते, ते माणसाच्या पोटातले जिवाणू मारायलाच टाकतात मग हे कसे वाचतील. विहिरीचं पाणी उत्तम. लावणी शक्यतो चार वाजल्यानंतर, अन् लागलीच हलकं पाणी.

९. शेणखतात मिसळून टाकायचं ते कधी अन् कसं?

एकरी दोन दोन किलो ॲझोटोबॅक्टर अन् पीएसबी, शंभर ते दोनशे किलो चांगल्या कुजलेल्या शेणखतात किंवा गांडूळखतात मिसळा, सावलीत ढीग करा, पाणी शिंपडून मुठीत दाबलं तर लाडू होईल पण पाणी गळणार नाही एवढं ओलं ठेवा, वरून ओलं पोतं. सात-आठ दिवसांत त्यांची संख्या आतल्या आत वाढते. मग शेवटच्या वखरणीच्या वेळी किंवा सरीत, मातीत ओल असताना.

उकिरड्यावरचं अर्धं कुजलेलं, गरम वाफा येणारं खत घेऊ नका. हात घातला अन् चटका बसला तर त्यात जिवाणूचा पुडा सोडणं म्हणजे चुलीत सोडणं. लोक मला म्हणतात शेणखत नाही, फक्त जिवाणू टाकतो, चालते का. चालत नाही हो. ॲझोटोबॅक्टर आपलं पोट मातीतल्या सेंद्रिय कर्बावर भरतो, पऱ्हाटीचे धसकटं जाळून, शेण गोवऱ्या थापून संपवून वावरात काहीच जाऊ दिलं नाही तर जिवाणू उपाशी. पैसे एकाच गोष्टीपुरते असतील तर आधी शेणखताची बंडी घ्या, पुडा पुढच्या वर्षी.

१०. ड्रिपमधून सोडता येते का?

येते, पण बाटलीतलं द्रवरूप, भुकटी नाही. भुकटी कितीही गाळली तरी ड्रीपर चोक होतात, मी एकदा चार ओळी साफ करत बसलो होतो सुईनं. एकरी अर्धा ते एक लिटर, दोनशे लिटर पाण्यात, फडक्यातून गाळून. आधी अर्धा तास साधं पाणी, म्हणजे मुळाजवळ ओल होते, मग जिवाणू, मग परत दहा मिनिटं साधं पाणी. ज्या दिवशी ॲसिडनं किंवा क्लोरीननं लाइन साफ केली त्या दिवशी नाही. विद्राव्य खताच्या टाकीत कालवून तर अजिबात नाही, एवढ्या तेज खारट पाण्यात ते सुकतात.

११. पुडा किती दिवस टिकते, फ्रीजमधे ठेवू का?

भुकटीवाला साधारण सहा महिने, द्रवरूप वर्षभर किंवा थोडा जास्त, पण पुड्यावरची शेवटची तारीख हाच कायदा. फ्रीझरमधे नको. घरातल्या थंड कोपऱ्यात, माठाच्या मांडणीखाली ठेवलं तरी जमते, फक्त खताच्या, औषधाच्या अन् तणनाशकाच्या बाजूला नाही.

आपल्याकडे खरा शत्रू ऊन. मे महिन्यात ४५-४६ डिग्री, टिनाच्या शेडमधे त्याहून जास्त. मी पहिल्या वर्षी सहा पुडे गाडीच्या डिक्कीत टाकून बाजार करत फिरलो, भाजी विकली, रसवंतीत बसलो, एका नातेवाइकाकडे पाणी पिऊन संध्याकाळी घरी, पुडे पोळीसारखे गरम. टाकले तसेच. फरक काय दिसणार, मेलेले टाकले होते. तेव्हापासून ओल्या फडक्यात गुंडाळून पिशवीतून आणतो, अन् दुकानदारानं पुडे कुठं ठेवले आहेत ते आधी पाहतो, काउंटरवर उन्हात रचलेले असतील तर घेत नाही, मग स्कीम काहीही असो.

बॅसिलसवाले यात जरा चिवट आहेत, ते कठीण वेळ आली की टणक बीजाणू करून झोपतात अन् ओल मिळाली की उठतात. सुडोमोनासले ती सोय नाही, तो उष्णतेत लवकर जातो. म्हणून उन्हाळ्यात निवडायचंच असेल तर बॅसिलस.

१२. पुड्यातले जिवाणू जिवंत आहेत की नुसती राख विकली, घरी कसं ओळखायचं?

घरी पक्कं ओळखता येत नाही, मोजणी प्रयोगशाळेतच होते. खत नियंत्रण आदेश १९८५ चा, त्यात जिवाणू खतं २००६ मधे आली, त्याप्रमाणे भुकटीत ग्रॅमला कमीत कमी ५ कोटी अन् द्रवरूपात मिलीला १० कोटी जिवंत पेशी पाहिजेत. पुड्यावर जिवाणूचं पूर्ण नाव, ही संख्या, बॅच नंबर, बनवल्याची अन् शेवटची तारीख हे सगळं आहे का पाहा. नुसतं 'चमत्कारी', 'सुपर पॉवर' अन् फुगलेल्या भोपळ्याचा फोटो असेल तर ठेवून द्या परत.

थोडी ओळख हातानं होते. चांगली भुकटी हाताला जरा ओलसर लागते अन् पहिल्या पावसाच्या मातीसारखा वास येते. एकदम कोरडी धूळ उडाली किंवा सडका आंबूस वास आला, बाटली फुगली, तर नका घेऊ. बाटलीच्या तळाशी गाळ बसला असेल तर ते खराब नसते, हलवून वापरा. पावती मात्र घ्याच. विद्यापीठ किंवा कृषी विज्ञान केंद्रात मिळत असेल तर तिथून घेणं मला बरं वाटते, अकोल्याचं पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ १९६९ पासून आपल्यासाठीच आहे, फोन करून आधी शिल्लक विचारा, हंगामात संपते.

१३. बुरशीनाशक, तणनाशक, स्ट्रेप्टोसायक्लिन यांच्यासोबत चालते का?

सोबत म्हणजे एका पंपात, तर काहीच नाही. पुढं-मागं किती दिवस, तो प्रश्न.

जिवाणूचे सगळ्यात मोठे वैरी दोन: तांबं अन् अँटिबायोटिक. कॉपर ऑक्सिक्लोराइडचं ड्रेंचिंग (म्हणजे मुळाशी ओतणं) अन् स्ट्रेप्टोसायक्लिन, ही दोन्ही जिवाणू मारायच्याच कामाची, चांगला-वाईट त्यांना कळत नाही. पानावर फवारलं तर मुळाशी फार जात नाही, पण ड्रेंचिंग केलं असेल तर पंधरा दिवस थांबा अन् मग जिवाणू परत द्या, आधीचे गेले असंच धरा. बाकी बुरशीनाशकं जमिनीत दिली तर आठ-दहा दिवस. तणनाशक मारलं तरी तेवढंच, अन् ओल असू द्या.

उलट्या क्रमानं करणारे लय आहेत. सोमवारी जिवाणू सोडले, गुरुवारी मिरची मरताना दिसली म्हणून घाबरून कॉपर ओतलं. रोग असेल तर औषध करा, झाड वाचवणं पहिलं, फक्त जिवाणूचा खर्च गेला हे मनाशी लिहून ठेवा अन् 'जिवाणूनं काहीच झालं नाही' असं गावभर सांगू नका.

१४. टमाटराची झाडं हिरवीच्या हिरवी मान टाकून मरत आहेत, सुडोमोनास ओतू का?

आधी हे पाहा की मरते कशानं. मरत्या झाडाचं खोड जमिनीजवळ धारदार चाकूनं कापा अन् काचेच्या ग्लासात स्वच्छ पाण्यात कापलेली बाजू बुडवून धरा, हलवू नका. पाच-दहा मिनिटांत खालून दुधासारखी पांढरी धार उतरली तर तो जिवाणूजन्य मर आहे, राल्स्टोनिया. तो पण मातीतला जिवाणूच, पण आपल्या पार्टीचा नाही. धार नाही, खालची पानं आधी पिवळी पडत गेली अन् खोड उभं चिरल्यावर आत तपकिरी रेघ, तर बुरशीचा मर.

दोन्हीतही एकदा लागलेलं झाड जिवाणू खतानं उठत नाही. सुडोमोनास आधी जागा धरून बसण्यासाठी आहे: तो मुळावर गर्दी करतो, मातीतलं लोह स्वतःकडे ओढून रोगाच्या बुरशीला उपाशी ठेवतो, तिला मारणारे पदार्थ पण सोडतो. म्हणजे चौकीदार घरफोडीच्या आधी पाहिजे. रोपवाटिकेत, जिथं कोवळी रोपं मातीलगत कुजून कोलमडतात, तिथं त्याचा उपयोग मला सगळ्यात साफ दिसला: लिटरला दहा ग्रॅमप्रमाणे गादीवाफा भिजवायचा, पेरणीच्या वेळी एकदा अन् दहा दिवसांनी परत.

मराची झाडं उपटून वावराबाहेर न्या, त्या जागेचं पाणी दुसऱ्या सरीत जाऊ देऊ नका, अन् राल्स्टोनिया निघाला तर त्या तुकड्यात पुढचे दोन-तीन वर्षं टमाटर, वांगे, मिरची, आलू काहीच नको, हे सगळे एकाच घरातले. मका किंवा ज्वारी घ्या.

१५. जीवामृत करतो, मग पुड्याचे जिवाणू कायले घ्यायचे?

प्रश्न बरोबर आहे, अन् भांडणाचा पण आहे. जीवामृत आपल्या विदर्भातलंच, अमरावती जिल्ह्यातल्या बेलोऱ्याच्या सुभाष पाळेकरांनी घराघरात नेलं, २०१६ मधे त्यांना पद्मश्री मिळाली. दोनशे लिटर पाणी, दहा किलो शेण, पाच-दहा लिटर गोमूत्र, दोन किलो गूळ, दोन किलो बेसन अन् बांधावरची मूठभर माती, सावलीत दोन दिवस ढवळत ठेवायचं, आठवड्याच्या आत वापरायचं.

फरक एवढाच की जीवामृतात कोणते जिवाणू किती हे दर वेळी वेगळं. गर्दी असते, गूळ-बेसनाचं जेवण पण सोबत असते, पण अमुकच मंडळी आली याची खात्री नाही. पुड्यात निवडलेले, मोजलेले. मी दोन्ही करतो: लावणीला पुड्याचे, नंतर पंधरा-वीस दिवसांनी जीवामृत. दोन्ही करून फायदा दुप्पट झाला असं मात्र नाही. हातात पैसा नसेल अन् गोठ्यात गाय असेल तर जीवामृत पुरे.

१६. सोयाबीनचं रायझोबियम उरलं आहे, बरबटीला (चवळीला) अन् वटाण्याला लावू का?

नाही चालत. रायझोबियमची जात प्रत्येक पिकाच्या गटाप्रमाणे ठरलेली. सोयाबीनचा वेगळा, वटाण्याचा वेगळा, बरबटी-गवार-मूग यांचा गट वेगळा. चुकीचा लावला तर नुकसान नाही, फक्त गाठी होणार नाहीत. पुड्यावर पिकाचं नाव लिहिलेलं असते, ते वाचा.

लागलं की नाही हे पाहायची सोपी खूण: फुलावर यायच्या टायमाला एक झाड मुळासकट अलगद खणून काढा, ओढून उपटलं तर गाठी मातीतच राहतात. गाठ नखानं फोडा. आत गुलाबी-लालसर असेल तर कामावर आहे, पांढरी किंवा हिरवट असेल तर नुसती बसून खाणारी.

१७. आमचं गाव खारपाणपट्ट्यात आहे, तिथं उपयोग होईल का?

पूर्णेच्या खोऱ्यातले, अकोला, अमरावती, बुलडाणा भागातले फोन हमखास येतात. खारट पाण्यात अन् चोपण मातीत जिवाणूंना पण तहान लागते, क्षार त्यांच्या अंगातलं पाणी ओढून घेतात. त्यामुळे पुड्यावर लिहिलेला फायदा तिथं तेवढा मिळणार नाही, हे आधीच मान्य करा. माती परीक्षणात सोडियम जास्त निघालं तर सल्ल्यानं जिप्सम, शेणखत किंवा बोरूचं हिरवळीचं पीक गाडणं, शेततळ्यात साठवलेलं पावसाचं पाणी, हे आधी. जिवाणू त्यानंतर, अन् ते पण पावसाळी भाजीला, कारण तेव्हा क्षार धुऊन खाली गेलेले असतात.

१८. श्रावणात वावरात चार दिवस पाणी साचलं, टाकलेलं वाया गेलं का?

बरंचसं. ॲझोटोबॅक्टरला हवा लागते, माणसासारखीच. पाण्याखाली दुसरेच जिवाणू जोर धरतात, जे असलेलं नत्र पण हवेत उडवून टाकतात, म्हणून पाणी उतरल्यावर पीक पिवळं दिसते. चर काढून पाणी काढा, वाफसा आल्यावर डवरणी करा, मग परत एक हलका डोस. पावसाळी वांगे-मिरची बेडवर घेतली तर हा प्रश्नच कमी येतो. भंडारा-गोंदियाकडे धानाच्या बांधीत नंतर भाजी घेणाऱ्यांनी आधी माती मोकळी होऊ द्यावी.

१९. सगळं बरोबर केलं, तरी फरकच दिसला नाही, असं काऊन?

होते असं, मलाही झालं. कारणं बहुतेक वर आलीच: मेलेला पुडा (११), उपाशी माती (९), युरियाचा मारा (४), कॉपर (१३). पण अजून एक आहे. तुमच्या मातीत आधीच चांगले जिवाणू भरपूर असतील तर बाहेरून आणलेल्यांना जागाच मिळत नाही. जिथं दहा वर्षं शेणखत पडते तिथं फरक कमी दिसते, अन् ते वाईट लक्षण नाही.

दुसरं म्हणजे, फरक पाहायचा कसा हे ठरवलेलं नसते. सगळ्या वावरात टाकलं तर कशाशी ताडून पाहणार? शेजाऱ्याच्या वावराशी? त्याचं बी वेगळं, पाणी वेगळं. मधोमध पाच ओळी बिना जिवाणूच्या सोडा, दोन्ही टोकाला झेंडूचं झाड लावून खूण करा, बाकी खत-पाणी तेच. तोडणीला त्या पाच ओळींचं अन् शेजारच्या पाच ओळींचं वजन वेगळं लिहा, प्रत्येक तोड्याला. माझ्या वांग्यात पहिल्या दोन तोड्यांना काहीच नव्हतं, तिसऱ्यापासून क्रेटमागं थोडं थोडं वाढत गेलं, अन् झाडं पंधरा दिवस जास्त चालली. मिरचीत एका वर्षी फरक शून्य. तेही लिहून ठेवलं आहे वहीत.

२०. जास्त टाकलं तर झाड जळते का? अन् दरवर्षी टाकावंच लागते का?

जळत नाही. फक्त पैसा जळते. दरवर्षी मात्र द्यावं लागते, निदान सुरवातीचे काही वर्षं, कारण बाहेरून आलेले जिवाणू उन्हाळ्याच्या भेगाळलेल्या कोरड्या मातीत फार उरत नाहीत, स्थानिक गर्दी त्यांना हळूहळू बाजूला सारते.

२१. घरच्यांनी हातानं लावलं, काही विषबाधा तर नाही? भाजी खाणाऱ्याले?

हे विष नाही. २०१७ मधे यवतमाळ जिल्ह्यात फवारणीनं माणसं गेली तेव्हापासून बायका कोणत्याही पुड्याला हात लावायला घाबरतात, घाबरणं चुकीचं नाही, पण हा पुडा त्यातला नाही. तरी हाताला जखम असेल तर मोजे घाला, काम झाल्यावर साबणानं हात धुवा, भुकटी नाकातोंडात जाऊ देऊ नका. अन् ज्या टोपल्यात औषध कालवता त्यात हे कालवू नका, तुमच्यासाठी पण अन् जिवाणूंसाठी पण.

२२. वावर नाही, अंगणात दहा-बारा कुंड्या अन् एक ढेमशाचा वेल आहे, आम्ही काय करावं?

एक पुडा चार घरांत वाटून घ्या, एकट्यानं घेतला तर उरलेला कपाटात मरते. कुंडीला एक चमचा भुकटी दोन मुठी गांडूळखतात कालवून मुळाजवळची माती उकरून द्या अन् झाका, वेलाला चार चमचे. संध्याकाळी, पाणी देऊन. कुंडी टिनाजवळ किंवा पश्चिमेच्या भिंतीला तापत असेल तर आधी ती सावलीला हलवा, बाकीचं नंतर.